‘मुलगी आणि नारळ द्या, फक्त लग्न चांगलं करून द्या’ : याचा अर्थ काय घ्यायचा?

इंदिरानगरचा बाप

सप्रेम नमस्कार.

नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे यंत्रांवर काम करून मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. थोरल्या मुलीचे लग्न ठरले आहे. मुलगा चांगला आहे, त्याच्या घरचे लोकही बोलायला गोड आहेत, आणि तरीही गेला महिनाभर मला रात्री नीट झोप लागत नाही, म्हणून इथे लिहीत आहे.

सुपारी फुटली त्या बैठकीत मुलाच्या मामांनी सर्वांदेखत सांगितले, "आम्हाला देणंघेणं काही नको. मुलगी आणि नारळ द्या. फक्त लग्न चांगलं करून द्या, आमच्याकडची माणसं मोठी आहेत." आमच्या मंडळींना इतके बरे वाटले की माझ्या मेहुण्याने उठून मामांच्या हातात हात दिला. ‘चांगलं’ म्हणजे नेमके काय, हे तेव्हा कोणी विचारले नाही, मीही नाही. त्याचा अर्थ तीन आठवड्यांनी मुलाच्या बहिणीने मोबाइलवर पाठवला. हळद आदल्या संध्याकाळी लॉन्सवर, सर्वांचे कपडे पिवळे, आणि डीजे. त्याआधी संगीत, त्यासाठी दोन्ही घरच्या लोकांना नाच शिकवायला एक नृत्यदिग्दर्शक. लग्नाच्या महिनाभर आधी प्री-वेडिंग शूट. मुहूर्तावर नवरीची एंट्री फुलांच्या चादरीखाली, नवरदेवाची बुलेटवरून, वर ड्रोन, स्टेजमागे एलईडी पडदा. प्रत्येक गोष्टीसोबत कोणाच्या तरी लग्नाची अर्ध्या-एक मिनिटाची चित्रफीत नमुन्यादाखल जोडली होती. शेवटी हात जोडलेले चित्र आणि "काका, तुम्हाला जमेल तसं" असे लिहिले होते.

मी जुन्या सवयीने वहीत आकडे मांडले. लॉन्स, जेवण, बस्ता आणि दागिने सोडून नुसत्या या यादीचा खर्च सहा लाख चाळीस हजारांवर गेला. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतला हा किती मोठा घास आहे, हे मी इथे लिहीत नाही.

मी काही सोवळा माणूस नाही. माझे लग्न १९९३ सालचे. हळद घरासमोरच्या मांडवात झाली, पाच सुवासिनींनी जात्यावर हळकुंडे दळली, आजीने ओव्या म्हटल्या, आणि दुसऱ्या दिवशी कानपिळीला याच मेहुण्याने माझा कान असा काही पिळला की फोटोत तो लाल दिसतो (फोटो रंगीत होते, एवढी श्रीमंती आम्ही केली होती). पुढच्याच वर्षी ‘हम आपके है कौन’ हा चित्रपट आला आणि आमच्या घरच्या त्यानंतरच्या पहिल्याच लग्नात करवल्यांनी नवरदेवाचे बूट पळवून पाचशे रुपये मागितले. आम्ही सगळे हसलो आणि पैसे दिले. कानपिळी त्या दिवशी राहून गेली आणि ती राहून गेल्याचे कोणाच्या लक्षातही आले नाही. पडद्यावरचे लग्न आमच्या मांडवात शिरले ते असे, हसतखेळत, आणि त्याला वाट करून देणाऱ्यांत मीही होतो.

पण तेव्हा पडद्यावरून आले ते पाचशे रुपयांचे होते. आता जे येते आहे ते मुलीच्या बापाच्या खात्यातून येते, आणि त्याला कोणी हुंडा म्हणत नाही. माझे विचारणे एवढेच आहे की हा हुंडाच वेष पालटून आला आहे, की मीच काळाच्या मागे पडलो आहे? आणि संबंधात कडवटपणा न आणता नाही म्हणायचे असेल तर ते कोणाला म्हणायचे, मामांना, बहिणीला की मुलाला? माझी मुलगी "तुम्हाला जमेल तेवढं करा, बाबा" याच्या पलीकडे काही बोलत नाही. तिला हे सगळे हवे आहे की नको, ते मला कळलेले नाही.

कॅमेऱ्यामागून

नमस्कार काका. मी बारा वर्षे लग्नांचे छायाचित्रण करतो, म्हणजे आपल्या यादीतल्या निम्म्या गोष्टींवर माझे घर चालते, हे आधीच सांगतो.

पाहुण्यांना दिसते त्यापेक्षा मला थोडे वेगळे दिसते. गेल्या पावसाळ्यात पहिन्याच्या बाजूला एक शूट होते. मुलीने भाड्याने आणलेला गाऊन घातला होता, मागे त्याचे दहा-बारा फूट कापड लोळणारे. तिची आई दगडावरून दगडावर पाय टाकत ते कापड चिखलातून वर धरून चालत होती, आणि मी "काकू, बाजूला व्हा" म्हटले की कापड सोडून झाडामागे जायची. फोटोत ती कुठेच नाही. वडील खाली रस्त्यावर गाडीत बसून होते, कारण गाडी ताशी भाड्याची होती आणि चालकाशी हिशेबाची कटकट चालू होती. हे मला आजही आठवते, पण त्या दिवशी मी ते टिपले नाही, कारण ते टिपण्याचे पैसे मला मिळत नव्हते.

नमुना कुठून येतो, तेही सांगतो. २०१७ च्या डिसेंबरात विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांचे इटलीत लग्न झाले. तिचा फिकट गुलाबी पेहराव साऱ्या देशाने पाहिला आणि त्यानंतरच्या दोन हंगामांत माझ्याकडच्या नवऱ्यामुली तोच रंग मागू लागल्या. पिवळी अष्टपुत्री आणि हिरवा शालू विधीपुरते उरले. त्यात वाईट काही नाही, रंगच आहे. पण इटलीतल्या लग्नाचा उजेड औरंगाबाद रोडवरच्या लॉन्समध्ये मे महिन्याच्या दुपारी साडेबाराला मिळत नाही, आणि तो मिळावा म्हणून जे दिवे, पडदे आणि धूर लावावा लागतो, तो खर्च आपल्या यादीत आहे. मूळ माणसांचे पैसे मूळ माणसांचे होते. इथे नक्कल एकाची आणि बिल दुसऱ्याचे.

आता धंद्याची गुपिते. ड्रोनचे चित्रण अंतिम चित्रफितीत मोजून एक-दीड मिनिट राहते. शिवाय देवळाली आणि गांधीनगरच्या बाजूला लष्करी हद्द असल्यामुळे तिकडच्या कार्यालयांत तो उडवायचा म्हटला की परवानगीचा प्रश्न येतो, त्यामुळे ‘ड्रोन’ पॅकेजात लिहिलेला असतो आणि पुष्कळदा उडतच नाही. कार्यालय कुठले आहे ते पाहून तो आधीच खोडा. पांडवलेणी हे पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे, तिथे शूट करून देतो असे कोणी सांगत असेल तर परवानगीचा कागद मागा. पॅकेज कधीच घेऊ नका, माणसे दिवसावर ठरवा. एक पारंपरिक छायाचित्रकार, एक चित्रफितीवाला आणि चाळीस पानांचा अल्बम, एवढ्यात लग्न उत्तम टिपले जाते. एंट्री मात्र विचार करून ठेवा. फुलांची चादर धरणारे भाऊ जागेवर येईपर्यंत, बुलेट चालू होईपर्यंत आणि पहिली एंट्री नीट न आल्यामुळे दुसरी होईपर्यंत मुहूर्त टळतो. अशा वेळी गुरुजींचा चेहरा काय होतो, ते मी झूम करून पाहिलेले आहे.

माझ्या कपाटात अकरा हार्डडिस्क पडून आहेत. एवढा खर्च करून काढलेली ही लग्ने न्यायला कोणी आलेले नाही. त्यातल्या दोन जोडप्यांनी तर एकमेकांपासून वेगळे झाल्याचे मलाच फोन करून सांगितले आणि चित्रण पुसून टाकायला सांगितले.

मखमलाबाद रोड

मला ही चर्चा एकतर्फी वाटते. लग्नात खर्च होणारा पैसा हवेत विरत नाही. तो मांडववाल्याला, आचाऱ्याला, वाढप्यांना, बँडवाल्याला, झेंडू-निशिगंध पिकवणाऱ्याला आणि मेंदी काढणाऱ्या मुलींना मिळतो. आपल्याच शहरातली हजारो घरे लग्नसराईवर चालतात. ज्याला परवडते त्याने खर्च का करू नये? साधेपणाचे कौतुक करणाऱ्यांनी टाळेबंदीच्या काळात पन्नास माणसांत लग्ने लागत होती तेव्हा या लोकांनी काय खाल्ले, तेही विचारावे. काकांना परवडत नसेल तर त्यांनी स्पष्ट सांगावे. त्यासाठी समाजाला नावे ठेवण्याचे कारण नाही.

निफाडहून

वरच्या साहेबांचे म्हणणे अर्धे खरे आहे. पैसा फिरतो, पण तो कोणाच्या कर्जातून फिरतो, हेही पाहायला हवे.

आमच्या भागात द्राक्षाचे पैसे मार्च-एप्रिलमध्ये हातात येतात आणि त्याच वेळी लग्नसराई भरात असते. ऑक्टोबरच्या छाटणीपासून सहा महिने ज्या पैशांची वाट पाहिली, ते कधी कधी महिनाभरसुद्धा घरात थांबत नाहीत. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडचा एक व्यापारी माल उचलून पैसे न देता निघून गेला, आणि घरात तर पुतणीचे लग्न ठरलेले. लॉन्सचा विसार दिलेला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या. भावाने सोसायटीचे कर्ज थकवले, वर हातउसने घेतले, आणि हळदीला डीजे वाजला. तो वाजला नसता तर चालले असते, हे आज भाऊ म्हणतो. तेव्हा म्हणाला नाही, आणि खरे सांगायचे तर तेव्हा मीही म्हणालो नाही.

आता दुसरी बाजू. माझा एक पुतण्या चौतीस वर्षांचा आहे, पदवीधर आहे, पाच एकर बाग सांभाळतो, आणि शेती करतो एवढ्याच कारणाने त्याला आठ वर्षे मुलगी मिळाली नाही. २००१ च्या जनगणनेत आपल्या राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या, आणि २०११ साली त्या ८९४ वर आल्या. २००१ साली त्या गटात मोजली गेलेली मुले आज पंचविशी-तिशीत लग्नाला उभी आहेत. ज्यांनी तेव्हा मुली नको म्हटल्या, त्यांच्याच घरचे मुलगे आज बिनलग्नाचे आहेत. पुतण्याचे अखेर गेल्या वर्षी जमले, आणि लग्नाचा सगळा खर्च आम्ही, म्हणजे मुलाकडच्यांनी केला. आमच्याकडे आता हे नवीन राहिलेले नाही.

मला वाटले होते की खर्च आपल्या हातात आला म्हणजे लग्न साधे होईल. झाले उलटेच. मुलीकडच्यांनी तीच यादी पाठवली, तोच ड्रोन, तोच पडदा, फक्त पाठवणारा बदलला. एवढ्यावरही मागे हटता आले असते, पण आमच्याच घरातून आवाज निघाला, "भाऊबंदांत काय तोंड दाखवायचं?" म्हणून मला हा फक्त हुंडा वाटत नाही. हुंडा मागणारा निदान समोर दिसतो. इथे मागणारा म्हणजे मांडवात खुर्चीवर बसून मोबाइल वर धरणारे चारशे लोक आहेत, आणि त्यातला प्रत्येक जण आपल्या घरच्या लग्नात तुमच्यामाझ्यासारखाच घाबरलेला असतो.

दादा, नाही म्हणायचे असेल तर ते मामांना म्हणू नका. मामा हे लग्नात बोलण्यासाठीच असतात. मुलाच्या वडिलांना एकट्याने भेटा, बाकी कोणी नको, आणि वही सोबत न्या. बैठकीत चार माणसांसमोर बापाला हो म्हणावेच लागते. बांधावर उभे राहून दोन बाप बोलले तर खरे आकडे निघतात. तुमच्याकडे बांध नाही, गोदाकाठी नाहीतर कुठल्या चहाच्या टपरीवर बोला.

सिडकोची सून

काका, मी वर्षभरापूर्वीच या सगळ्यातून गेले आहे, त्यामुळे आपल्या मुलीच्या बाजूने थोडे लिहिते. ती काही बोलत नाही असे आपण म्हणता. मीही बोलत नव्हते. आपल्या घरांत मुलगी "मला हवे" म्हणाली तर ती खर्चिक ठरते आणि "नको" म्हणाली तर सासरच्यांना आधीच दुखावणारी ठरते, म्हणून "तुम्हाला जमेल तेवढं" हे एकच वाक्य तिच्या वाट्याला उरते.

प्री-वेडिंग शूटची सगळे चेष्टा करतात. मीही करत होते. पण आमचे लग्न ठरवून झालेले होते. पाहण्याच्या कार्यक्रमात आम्ही वीस मिनिटे गच्चीवर बोललो, तेही माझी धाकटी चुलत बहीण कठड्याला टेकून उभी असताना. साखरपुड्यानंतर त्याच्याबरोबर बाहेर जायचे म्हटले की आजी म्हणायची, "लग्न झाल्यावर जन्मभर फिरायचंच आहे." शूट म्हटल्यावर मात्र सकाळी सहापासून दुपारी अकरापर्यंत घरातून कोणी काही विचारले नाही, कारण ते ‘लग्नाचे काम’ होते.

गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला गेलो. छायाचित्रकार उजेडाची वाट पाहत होता आणि आम्ही दोघे त्या अवघडलेल्या कपड्यांत एका उलट्या होडीवर बसून होतो. तिथे त्याने मला सांगितले की त्याच्या शिक्षणाच्या कर्जाचे अजून चार लाख फिटायचे आहेत आणि बैठकीत त्याच्या वडिलांनी ते मुद्दाम सांगितले नव्हते. तो हे सांगत असताना हातातल्या टोपीची शिवण उसवत होता. मी त्याला म्हटले की माझ्या पगारातले निम्मे मी आईला देते आणि लग्नानंतरही देणार आहे, हेही कोणी बोलले नव्हते. कॅमेरावाला ओरडला, "हसा जरा." त्या क्षणाचा फोटो आमच्या घरी भिंतीवर आहे, आणि त्यात आम्ही दोघे अजिबात हसत नाही.

शूट चांगले, असे मला म्हणायचे नाही. दोन माणसांना लग्नाआधी चार तास बोलू दिले असते तर त्यासाठी पैसे देऊन कॅमेरा न्यावा लागला नसता. पण यादीवर सरसकट काट मारण्याआधी आपण मुलीला बाहेर घेऊन जा, घरात नको, आणि तिच्या हातात पेन द्या. आकडे तिच्यासमोर ठेवा. माझ्या बाबांनी आकडे माझ्यापासून लपवले, आणि डीजेवाल्याला किती दिले, ते मला लग्नानंतर सात महिन्यांनी बँकेच्या पुस्तकात सापडले. त्या डीजेच्या आवाजाने आजीला मांडवातून उठवून घरी न्यावे लागले होते, म्हणजे माझी हळद तिने पाहिलीसुद्धा नाही. आपल्या यादीतले पहिले काय खोडायचे असेल तर ते खोडा.

जिल्हा न्यायालयाजवळची वकील

कायद्याचे विचारले नव्हते, तरी दोन गोष्टी सांगते, कारण ‘वेष पालटलेला हुंडा’ हा शब्दप्रयोग माझ्याकडे येणारे पुष्कळ बाप वापरतात.

हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ सालचा आहे. त्यात हुंडा म्हणजे लग्नाच्या संबंधात एका बाजूने दुसऱ्या बाजूला दिलेली किंवा द्यायचे कबूल केलेली मालमत्ता अथवा मौल्यवान वस्तू. जेवणावळी, दिवे, डीजे यांचे पैसे मुलाच्या हाती जात नाहीत, ते मांडववाल्याकडे जातात, त्यामुळे असा खर्च त्या व्याख्येत सहजी बसत नाही. ‘लग्न चांगलं करून द्या’ हे वाक्य इतके निर्धास्तपणे उच्चारले जाते, त्याचे हेही एक कारण असावे. हुंडा घेणाऱ्याइतकाच देणाराही या कायद्याने गुन्हेगार ठरतो, आणि शिक्षा किमान पाच वर्षांची आहे, हे बहुतेकांना माझ्यासमोर बसल्यावरच कळते. म्हणून यादीतून वाचलेले पैसे उद्या कोणी ‘मग गाडीला मदत करा’ म्हणून मागितले, तर तिथे मात्र ठाम राहा. स्वेच्छेने जे दागिने आणि वस्तू द्याल त्यांची यादी करून त्यावर वधू-वरांच्या सह्या घ्या, तशी तरतूद १९८५ च्या नियमांत आहे.

दुसरे डीजेविषयी. ध्वनी प्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही, आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. पहिल्या गाण्यालाच ती ओलांडली जाते. कुणाला नाही म्हणायला अवघड वाटत असेल तर ही मर्यादा पुढे करावी. कायद्याच्या आडून नाही म्हणणे हा भित्रेपणा असेलही, पण लग्नघरात तो चालतो.

जुने नाशिक, भद्रकाली

निफाडच्या गृहस्थांनी लिहिलेले वाचून एक जुनी गोष्ट आठवली. देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले. त्यात कांचनभट आपली अल्पवयीन मुलगी पैशांच्या लोभाने म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो, म्हणजे तिथे पैसे नवऱ्याकडून बापाकडे जात होते. पुढे ते उलट्या दिशेने वाहू लागले, आणि आता निफाडकडे पुन्हा दिशा बदलली आहे. प्रवाह कुठेही वळो, तराजूत मुलगीच असते.

आपल्या नाशिककरांना हे नाटक वेगळ्याच कारणाने ठाऊक असते. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या रात्री तिथे ‘शारदा’चाच प्रयोग होता. पण माझा मुद्दा त्याआधीचा आहे. लोकांना रिझवणारे ते नाटक गावोगाव पाहिले गेले, आणि बोहल्यावर चढू पाहणारा म्हातारा हसण्याचा विषय झाला. कायदा यायला १९२९ साल उजाडले, त्याआधी वीस-तीस वर्षे प्रेक्षक हसत होते. (‘शारदा कायदा’ हे आपल्याकडचे नाव विधेयक मांडणाऱ्या हरबिलास सारडांचे, नाटकाचे नव्हे. पण आमच्या आजीची समजूत आम्ही कधी बदलू शकलो नाही.) त्याच्याही आधी, १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला पहिले सत्यशोधक लग्न लागले, अगदी थोड्या खर्चात.

आजच्या पडद्यावर लग्न पुष्कळ दिसते, पण त्यात हसण्यासारखे काय आहे, ते दाखवणारे फार थोडे दिसते. वर छायाचित्रकाराने लिहिलेली झाडामागे उभी असलेली आई मला आजवर कुठल्याही चित्रपटात भेटलेली नाही. तिच्यावर कोणी नाटक लिहिले तर मी या वयात रांगेत उभा राहून तिकीट काढीन.

इंदिरानगरचा बाप

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला बारा दिवस लागले, कारण मध्ये दोन कामे केली.

पहिले काम, मुलीला घेऊन रविवारी सकाळी तपोवनाकडे फिरायला गेलो आणि वही तिच्या हातात दिली. तिने पहिल्यांदा बेरीज तपासली आणि माझी चूक काढली. एलईडी पडद्याचे मी दोन दिवसांचे पैसे धरले होते. मग ड्रोन खोडला, पडदा खोडला, नृत्यदिग्दर्शक खोडला आणि बराच वेळ शूटवर पेन टेकवून बसली. सिडकोच्या ताईंचे लिहिणे मी तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "अर्धा दिवस ठेवू या. गाऊन नको, आईला बरोबर यायचं असेल तर साडीत येऊ दे आणि फोटोत उभी राहू दे." तिला काय हवे होते, ते मला इतक्या उशिरा कळले, याचे वाईट वाटले, पण ते असो.

दुसरे काम, मुलाच्या वडिलांना भेटलो. निफाडच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे एकटाच गेलो, टपरीवरच बसलो. त्यांनी चहा संपेपर्यंत वही बंदच ठेवली. मग एकेक ओळ पाहिली आणि एंट्रीच्या ओळीवर म्हणाले, "बुलेटचं माझ्याकडे लागलं, ते मी बघतो." निम्मा खर्च वाटून घेऊ, असे मी म्हटले तेव्हा मात्र ते म्हणाले, "घरी विचारतो." हळदीच्या डीजेवर त्यांचे माझे एकमत झाले नाही. त्यांचा धाकटा मुलगा आणि त्याचे मित्र वर्षभर त्याचीच वाट पाहत आहेत, असे ते म्हणाले, आणि ते सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. दहा वाजता बंद करायचा, एवढे कबूल झाले आहे. माझी आई एक्याऐंशी वर्षांची आहे. तिची खुर्ची स्पीकरपासून किती लांब ठेवता येईल, ते पाहण्यासाठी मी उद्या लॉन्सवर जाऊन पावले मोजणार आहे.

घरच्या हळदीला मात्र सकाळी जाते मांडायचे ठरले आहे. आमचे जाते गच्चीवर तुळशीच्या कुंडीखाली सापडले, पण त्याचा खुंटा गेला आहे आणि पाळीला टाकी लावावी, म्हणजे दगडाला छिन्नीने पुन्हा खाचे पाडावे लागतील. नाशिक परिसरात जात्याला टाकी लावून देणारा कोणी कारागीर अजून काम करत असल्यास कृपया पत्ता कळवावा. लग्न वीस दिवसांवर आले आहे.